बारा वाजेपर्यंत

मोज्याची टाच वळवायची वेळ आली की अपोलिनारी श्वास रोखून टाके मोजत असे. चौदा, पंधरा, सोळा. सोळाव्या टाक्याला दारावर टकटक झाली. त्याने सवयीने मोजा सुयांसकट उशीखाली सारला आणि लेखणी उचलून दौतीत बुडवली.

"मीच आहे रे," बाहेरून नेला म्हणाली. "सोंग पुरे."

नेला त्याची थोरली बहीण. नवरा वारल्यापासून घर तिचं एकटीचं होतं, आणि गेली चौदा वर्षं त्यातली पुढची खोली अपोलिनारीची. तिचे हात कोपरापर्यंत पिठाने माखले होते. एक पत्र तिने दोन बोटांच्या चिमटीत धरलं होतं.

"वॉर्साहून आलंय. तुझे ते संपादक, कायेतान. मंगळवारी तुझ्या नावाच्या संताचा दिवस ना, त्या नामदिवसाच्या जेवणाला येतायत म्हणे."

"येऊ देत की. फादर बोनिफात्सींनी हंस कापायचा घाट घातलाच आहे."

"पुढचं वाच."

अपोलिनारीने वाचलं. संपादकांनी चार ओळी प्रकृतीबद्दल लिहिल्या होत्या आणि अठरा ओळी महाकाव्याबद्दल. सगळं वॉर्सा कान लावून बसलं आहे. निदान पहिला सर्ग तरी हाती द्यावा. कुठे आणि कसा छापायचा, ते आमच्यावर सोडावं.

त्याने पत्राची घडी घातली, पुन्हा उलगडली, पुन्हा घातली.

"आता?" नेला म्हणाली.

"आता काय? खरं सांगून टाकतो."

"बघ बाबा," असं म्हणून ती पिठाकडे परत गेली.

हे महाकाव्य आलं कुठून, ते सांगायला हवं. तरुणपणी अपोलिनारीने बावीस कवितांचं एक लहानसं पुस्तक छापलं होतं. त्यातल्या तीन-चार कविता लोकांच्या तोंडी बसल्या. मग रशियन राजवटीविरुद्ध त्रेसष्टचा उठाव झाला. चोवीस वर्षांचा अपोलिनारी जंगलात गेला, तीन महिन्यांत पकडला गेला आणि बारा वर्षं सैबेरियात काढून ल्युबिशिनला, बहिणीच्या दारात येऊन उभा राहिला. आधी तिने त्याला ओळखलं नाही. मग ओळखलं, आणि एक शब्द न बोलता न्हाणीचं पाणी तापवायला ठेवलं.

गावाने त्याला डोक्यावर घेतलं. जो तो विचारी, काय लिहिताय कविराज? एवढं भोगून आलेला माणूस नुसता बसून राहील, हे कुणाच्या मनातही येत नव्हतं. अपोलिनारी खरोखरच लिहायला बसला. दोन वर्षं बसला. पण जे उतरे ते दुसऱ्या कुणाचं तरी वाटे, उसन्या कोटासारखं, खांद्यात घट्ट आणि बाह्यांत लांब. त्या दिवसांत शेजारचा लोहार पहाटेपासून घणाचे घाव घाली. एका सकाळी नेला त्राग्याने लोहाराकडे गेली आणि म्हणाली, "अरे वालेन्ती, माझा भाऊ मोठं काव्य लिहितोय. त्याच्या डोक्यात घण पडतात तुझे."

वालेन्ती लोहाराने टोपी काढली, डोकं खाजवलं आणि म्हणाला, "बारा वाजेपर्यंत चालेल का, बाईसाहेब?"

त्या दिवसापासून बाराची घंटा होईपर्यंत लोहाराचा घण थंड असे. मग बाकीचं गाव मागे कसं राहणार? गाड्या चर्चच्या मागच्या रस्त्याने जाऊ लागल्या. हंस राखणाऱ्या पोरी कळप वळसा घालून नेऊ लागल्या. कल्हईवाला कोपऱ्यापर्यंत तोंड मिटून येई आणि वळणापलीकडे गेल्यावर आरोळी ठोके. बायका मुलांना दटावत, "ओरडू नका रे, कविराज लिहितायत."

आणि नेमक्या त्याच शांततेत, आठवड्याभराने, अपोलिनारीने लेखणी खाली ठेवली. ती पुन्हा उचलावीशी वाटेना. सैबेरियात एका म्हाताऱ्या कैद्याने त्याला विणायला शिकवलं होतं. त्याने नेलाच्या टोपलीतली राखाडी लोकर घेतली आणि मोजा विणायला घेतला. दुपारपर्यंत घोट्यापर्यंत आला. कित्येक वर्षांत त्याला इतकं बरं वाटलं नव्हतं. बाहेर पेरच्या झाडावर उन्हाचे कवडसे हलत होते, आत सुया कुजबुजत होत्या, आणि पाठीला काही म्हणजे काही दुखत नव्हतं.

त्याला बारा वर्षं झाली. मोजे चर्चच्या दानपेटीत जात, दाता अज्ञात. नेलाला ठाऊक होतं, लोकर तिचीच होती. पण दोघांनी ते कधी शब्दांत आणलं नव्हतं. अपोलिनारी सुखी होता. फक्त कधी रस्त्यात लोहार भेटला आणि त्याने टोपी काढून वाट दिली, की तो नजर चुकवून घाईने पुढे जाई. माणसाने अर्धा दिवस भट्टी थंड ठेवायची ती कशासाठी, तर मोज्यांसाठी?

मंगळवारी फादर बोनिफात्सींच्या बागेत, लिंडनच्या झाडांखाली लांब टेबल मांडलं होतं. झाडं फुललेली, माथ्यावर मधमाश्यांची गुणगुण. बीटचं थंडगार सार, मध लावलेल्या काकड्या, चेरी भरलेले पिएरोगी आणि मधोमध फादरांचा हंस. संपादक कायेतान यांनी वॉर्साची पांढरी जाकिटं काय असतात ते गावाला दाखवलं आणि पहिल्याच घासाला त्यावर बीटचा डाग पाडून घेतला. त्यामुळे ते सगळ्यांना एकदम आवडून गेले.

टेबलाच्या टोकाला रशियन ठाणेदार ल्यापुनोव बसला होता. त्याला न बोलावता चार माणसं एकत्र जेवली तर तो रुसत असे, आणि त्याचं रुसणं गावाला परवडणारं नव्हतं. तसा माणूस वाईट नव्हता. अंगाने जाड, आलुबुखाऱ्याच्या दारूवर जीव. हंसाची तंगडी त्याला आधी वाढली की जेवण संपेपर्यंत तो कुणाच्या अध्यातमध्यात नसे.

फादरांनी उभं राहून पेला उचलला.

"आपल्या गावाने देशाला फार काही दिलं नाही," ते म्हणाले. "एक बिशप दिला, तो पळून गेला. पण आपण एक गोष्ट दिली. सकाळ दिली! बारा वर्षांच्या सकाळी, एका माणसाला."

टाळ्या पडल्या. संपादकांनी रुमालाने डोळे टिपले आणि तोच रुमाल डागावर घासला. "आता कविराजांनी दोन शब्द बोलावेत," ते म्हणाले. "काव्य कुठवर आलं, एवढं तरी सांगावं."

अपोलिनारी उठला. नेला समोर बसली होती. तिने काट्याने ताटातली काकडी इकडून तिकडे सरकवली.

"मित्रहो," तो म्हणाला, "मला तुम्हाला फार पूर्वीच सांगायला हवं होतं. काव्य नाहीच."

मधमाश्यांचा आवाज एकदम मोठा वाटू लागला.

"एक ओळसुद्धा नाही. बारा वर्षांत मी काही लिहिलेलं नाही. तुम्ही सगळे माझ्यासाठी गप्प राहिलात, आणि मी तिथे बसून... काही लिहिलं नाही. मला क्षमा करा."

ठाणेदार ल्यापुनोवने तंगडीवरून मान वर केली.

सगळ्यांत आधी फादरांनी ठाणेदाराकडे पाहिलं. मग अपोलिनारीकडे. हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर उजेड पसरत गेला आणि डोळे भरून आले.

"अर्थातच," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "एक ओळसुद्धा नाही."

"एक ओळसुद्धा नाही!" औषधवाला उभा राहिला.

"नाहीच मुळी! कसलं काव्य?" त्याची बायको म्हणाली आणि हुंदका दाबून बसली. मग सगळं टेबल उभं राहिलं. लोक टाळ्या वाजवत होते, एकमेकांचे दंड दाबत होते, आणि ज्याच्या-त्याच्या नजरेत एकच गोष्ट होती: काय माणूस आहे! शत्रू समोर बसलेला, आणि किती शांतपणे बोलला!

"नाही, नाही, ऐका," अपोलिनारी म्हणाला. "मी खरंच सांगतोय."

"कळलं," संपादकांनी टेबलाखाली त्याचा हात घट्ट धरला. "पुढे एक अक्षर बोलू नका. मी घाई करणार नाही. दहा वर्षं लागू देत."

जेवण आटोपल्यावर ठाणेदार त्याला कुंपणापाशी गाठून म्हणाला, "मी काही ऐकलं नाही." त्याची पोलिश मोडकी होती, पण डोळा त्याने सफाईने मिचकावला. "माझी बायको तुमच्यातली. कधी संपलं, तर... तिला एकटीला वाचून दाखवाल?"

घरी येताना नेला झपाझप पुढे चालत होती. उंबरा ओलांडल्यावर ती लाकडाच्या खोक्यावर बसली आणि पोट धरून हसली. डोक्याचा रुमाल सुटून खांद्यावर आला.

"तुला खरं बोलायलासुद्धा जमेना, पोलेक," ती धापा टाकत, लहानपणच्या लाडक्या नावाने म्हणाली. "आता मेलास तरी लोक जमीन खणून काव्य शोधतील."

तोही हसला. पण बूट काढताना एका पायातला काढून दुसरा तसाच ठेवून बसून राहिला.

"वालेन्ती आला नव्हता जेवायला."

"लोहाराला कोण बोलावतंय फादरांच्या टेबलावर?"

"त्याला तरी सांगायला हवं, नेला. ठाणेदार नसताना. एकट्याला."

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता अपोलिनारी घराबाहेर पडला. बारा वर्षांत या वेळी तो रस्त्यावर दिसला नव्हता. विहिरीवरच्या बायकांनी पोहरे अधांतरी धरले. एकीने छातीवर क्रूस काढला. हंसांच्या मागे असलेली पोरगी त्याला पाहून अशी थांबली की तिचे हंसही थांबले.

"शुभ सकाळ," तो म्हणाला. कुणी उत्तर दिलं नाही. आवाज करायची त्यांना सवयच नव्हती.

लोहाराच्या दुकानात भट्टी थंड होती. अंधारात लोखंडाचा आणि कालच्या राखेचा वास. अपोलिनारी पडवीतून मागच्या अंगणात गेला. तिथे उलट्या घमेल्यावर वालेन्ती बसला होता. पंचेचाळिशीचा, अस्वलासारख्या खांद्यांचा माणूस मांडीवर टोपली घेऊन मटार सोलत होता. कविराजांना पाहून तो इतक्या लगबगीने उठला की टोपली कलंडली.

"काय झालं? बाईसाहेब बऱ्या आहेत ना?"

"नेला बरी आहे. बस. मला तुला काहीतरी सांगायचंय."

वालेन्तीने दुसरं घमेलं पालथं घालून पुढे सरकवलं. अपोलिनारी बसला आणि सांडलेले मटार वेचू लागला. हात रिकामे असताना बोलणं त्याला कधीच जमलं नव्हतं.

"काव्य नाहीये, वालेन्ती."

वालेन्ती हळूच आपल्या घमेल्यावर टेकला.

"काल सगळ्यांसमोर सांगितलं, त्यांना वाटलं ठाणेदारामुळे बोलतोय. पण इथे ठाणेदार नाही. खरंच नाहीये. तू बारा वर्षं अर्धा-अर्धा दिवस बुडवलास, आणि मी तिथे बसून—"

"मोजे," वालेन्ती म्हणाला.

अपोलिनारीच्या हातातला मटार निसटला.

"तुमच्या खिडकीच्या झडपेला बिजागरी बसवायला आलो होतो मी. आठ-नऊ वर्षं झाली. तुम्हाला वाटलं मी गेलो, आणि तुम्ही उशीखालून काढलात. राखाडी होता. पाच सुयांवर." त्याने एक शेंग फोडली. "आमच्या थोरल्याला गेल्या थंडीत चर्चमधून मिळालेत तसे. टाच छान बसते. आमच्याकडच्या बायकांना अशी जमत नाही."

"तुला माहीत होतं?" अपोलिनारीने विचारलं. "आठ वर्षं? आणि तू भट्टी पेटवली नाहीस?"

"पेटवणार होतो. त्याच दिवशी पेटवणार होतो, खोटं कशाला बोलू? तुमचा राग आला होता मला. घरी आलो, घण उचलला." वालेन्ती थांबला. दारं, नाल, नांगराचे फाळ यांबद्दल तो तासभर बोलू शकत असे. हे त्याला शोधून शोधून बोलावं लागत होतं. "माझा बाप चाळिशीत बहिरा झाला, कविराज. घणामुळे. मला वाटायचं लोहाराचं तसंच असतं. सकाळी अंधारात उठायचं, ठोकायचं, रात्री कानात घंटा घेऊन झोपायचं. लग्नाला सहा वर्षं झाली होती माझ्या, तेव्हा तुमच्या बाईसाहेब आल्या दारात. सहा वर्षं. आणि मग एक दिवस मी असाच इथे बसलेलो, हात मोकळे, काय करावं कळेना, आणि ऐकतो तर काय, रोझालिया गातेय."

त्याने हनुवटीने अंगणाच्या टोकाकडे खूण केली. तिथे वाळत घातलेल्या चादरींच्या मागे कुणीतरी कपडे पिळत होतं. अपोलिनारीने कान दिला. आवाज इतका दबका होता की आधी त्याला पाण्याचाच वाटला. मग सूर वेगळा झाला.

"गाते, हे मला माहीतच नव्हतं," वालेन्ती म्हणाला. "सहा वर्षं एका ताटात जेवत होतो आम्ही."

दोघं थोडा वेळ ऐकत राहिले. गाणं एका अडेल हंसाचं होतं, बाजाराला जायला तयार नसलेल्या. अपोलिनारीने ते कधी ऐकलं नव्हतं.

"म्हणून तुमच्या खिडकीपासून घरी आलो, घण उचलला आणि परत ठेवला," वालेन्ती म्हणाला. "जहागिरीचा कारभारी दर वसंतात येतो. म्हणतो, सकाळी दुकान उघड, घोडे खोळंबतात. मी म्हणतो, काव्य पुरं झालं नाही हो. तो म्हणतो, कधी होणार? मी म्हणतो, मोठी माणसं, मोठी कामं. मग जातो बापडा." त्याने प्रथमच मान वर करून कविराजांकडे नीट पाहिलं. त्याच्या डोळ्यांत विनंती होती. "तुम्ही असं गावभर सांगत सुटलात, आणि एखाद्याला खरं वाटलं, तर माझं काय होईल?"

अपोलिनारीने वेचलेले मटार टोपलीत टाकले. मग तो हसू लागला, आवाज न करता, खांदे हलवत. वालेन्तीही हसू लागला.

"तिला माहीत आहे?" अपोलिनारीने विचारलं.

"कोणाला, रोझालियाला? छे! तिचा तुमच्यावर केवढा विश्वास. म्हणून तर अशी तोंडातल्या तोंडात गाते. खिडकीपर्यंत आवाज जाऊ नये म्हणून. मी म्हणतो, अगं, जरा मोकळी गा. ती म्हणते, तुला काय कळतंय? तिथे माणूस लिहितोय."

तेवढ्यात चादर बाजूला झाली. रोझालिया बाहेर आली, बाह्या वर, हातात पिळलेला सदरा. तिने कविराजांना पाहिलं आणि तिचा चेहरा पांढरा पडला.

"आई गं," ती म्हणाली. "ऐकू गेलं तुम्हाला. मी किती हळू... वालेन्ती, सांगितलं नव्हतं मी तुला? बघ, काम टाकून यावं लागलं त्यांना! चुकलं माझं, कविराज. पुन्हा नाही गाणार."

वालेन्तीचे हात टोपलीत थांबले. तो कुणाकडेच पाहत नव्हता.

अपोलिनारी घमेल्यावरून उठला. मटाराची टरफलं त्याच्या मांडीवरून खाली गळली. फादरांच्या टेबलावर जमला नव्हता तो आवाज आता त्याला सहज लागला. जरा करडा, जरा घाईतला, काम अर्धवट टाकून आलेल्या माणसाचा.

"त्याचसाठी आलोय, रोझालियाबाई," तो म्हणाला. "मला खिडकीत अर्धंच ऐकू येतं. हंसाचं गाणं ना ते? तो बाजाराला जात नाही इथवर कळतं, आणि पुढचं सगळं वाऱ्यावर जातं. माझं काम अडतं त्यामुळे. रोज अडतं."

रोझालियाने नवऱ्याकडे पाहिलं. नवरा शेंग फोडण्यात गढून गेला होता. त्याचे कान मात्र लाल झाले होते.

"माझं गाणं?" ती म्हणाली. "त्या कामाला?"

"जरा मोठ्याने गात जा. एवढंच सांगायचं होतं."

ती तशीच उभी राहिली. सदऱ्यातून पाणी तिच्या पायांवर ठिबकत होतं. मग ती वळली, चादरीमागे गेली, आणि बराच वेळ नुसता घागरीचा आवाज आला. अपोलिनारी पडवीपर्यंत पोचला असेल. तेव्हा तिने घसा साफ केला आणि गाणं पहिल्यापासून सुरू केलं.